पी०१७१ कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. २०१६ची बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली, मालक हडपसरचे. सतराचं ॲव्हरेज देणारी गाडी गेल्या काही महिन्यांत साडेबारावर आली. दिवेघाट चढताना उठत नाही, तिसऱ्यावरून दुसरा टाकावा लागतो. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ निघाला आणि गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं, खर्च सात हजार. मालकांनी पैसे देण्याआधी गाडीच्या स्कॅनर पोर्टला लावायचं ब्लूटूथ डोंगल घेतलं आणि मोबाइलवरचे आकडे पाठवले. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कूलंट ७१ अंश, लाँग टर्म ट्रिम +७, शॉर्ट टर्म -१ ते +२. सोलापूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगात कूलंट ६६, लाँग टर्म +१६, शॉर्ट टर्म +५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.८ असा सारखा वरखाली. मागच्या उन्हाळ्यात गाडी गरम होत होती, तेव्हा काहीतरी काम केलं होतं, असंही जाता जाता लिहिलंय. सेन्सर बदलावा का, आणि या आकड्यांचा अर्थ काय?

सेन्सर बदलू नका. तुमच्या आकड्यांत मला दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि त्यातला एकही ऑक्सिजन सेन्सरचा नाही. पिकअप एका कारणाने गेलाय, ॲव्हरेज बऱ्याच अंशी दुसऱ्या कारणाने. दिवा फक्त पहिल्या दोषासाठी लागलाय, दुसऱ्याबद्दल गाडी काहीच बोलत नाही. म्हणून नुसता कोड वाचून काम करणाऱ्याला दुसरा दोष सापडणारच नाही.

आधी कोडचं बघू. पी०१७१चा अर्थ मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत आलेल्या हवेचा हिशोब करून तेवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. जळून झाल्यावर सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं असं धरून ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती टक्क्यांत लिहिली की तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती. लाँग टर्म म्हणजे रोजच तेवढी लागते हे ध्यानात आल्यावर ईसीएमने कायम करून टाकलेली. दोन्हींची बेरीज करूनच बघायचं. तुमची बेरीज आयडलला सातच्या आसपास आणि हायवेला एकवीस आहे. बऱ्याच गाड्यांत ही बेरीज वीस-पंचवीसच्या पुढे काही काळ टिकली की दिवा लागतो.

म्हणजे ऑक्सिजन सेन्सर इथे साक्षीदार आहे, आणि गॅरेजवाला त्यालाच आत टाकायला निघालाय. सेन्सर स्वतः बिघडला तर त्याचे वेगळे कोड येतात: सर्किटसाठी पी०१३०, सुस्त झाला तर पी०१३३, आतला हीटर गेला तर पी०१३५. यातला एकही तुमच्याकडे नाही, आणि व्होल्टेज ०.१ ते ०.८ मध्ये हलतोय. मेलेला सेन्सर असा हलत नाही, तो ०.४५च्या आसपास किंवा कुठल्या तरी एका टोकाला चिकटून बसतो.

साक्षीदार मात्र फसू शकतो, तेवढं तपासून घ्या. या सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर ‘पातळ, पातळ’ म्हणून ओरडतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्या बोनेट उघडून मॅनिफोल्डपाशी टिकटिक आवाज येतो का ऐका. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तरी तेच होतं, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. तेव्हा आधी प्लग काढून बघा आणि कॉइलही तपासून घ्या. ७८ हजारांत प्लग बदललेच नसतील तर ते तसेही बदलायला झालेत.

आता आयडलच्या +७ कडे. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकांप्रमाणे ट्रिम शून्याच्या आसपास, फार तर पाच टक्के इकडेतिकडे असावी. पण आज पंपावर मिळतं ते पेट्रोल म्हणजे इ२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. इ१०साठी हा आकडा १४.१च्या आसपास येतो, इ२०साठी साडेतेराच्या. तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं, आणि जुन्या हिशोबावर बसवलेला ईसीएम ती तूट ट्रिमने भरून काढतो. गाडी इ१०वर जुळवलेली असेल तर चार-पाच टक्के, त्याहून जुन्या हिशोबाची असेल तर सात-आठ टक्के ट्रिम निव्वळ इंधनामुळे चढते. तुमच्या गाडीचे आयडलचे सात मी याच खात्यात टाकतो. इ२० आल्यापासून अशा वयाच्या, पूर्ण धडधाकट गाड्यांतही +५, +६ रोज दिसतं. हे न कळल्याने काही जण एअर लीक शोधत इनटेक खोलून बसतात.

यातून उरतो खरा प्रश्न. सातचे एकवीस कसे झाले?

इथे एक सावधगिरी. मोबाइलवर यासंबंधी जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकन गाड्यांवरचे असतात. त्यात नियम सांगतात की आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी झाली तर व्हॅक्यूम लीक. नियम बरोबर आहे, पण तो मॅफ सेन्सरच्या गाड्यांचा. मॅफ फिल्टरच्या मागे बसतो आणि आत जाणारी हवा थेट मोजतो. त्याच्या पुढे पाइप फाटला तर ती हवा न मोजता आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, मॅप असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून ईसीएम हवेचा अंदाज बांधतो. लीकमधून हवा आत आली तर दाबही वाढतो, ईसीएमला ते दिसतं आणि तो आपोआप जास्त पेट्रोल सोडतो. अशा गाडीत लीक ट्रिममध्ये फारशी दिसत नाही. दिसते ती आयडलच्या चढलेल्या आरपीएममध्ये किंवा मॅपच्या आकड्यात. तुमच्या यादीत मॅफची ओळच नाही, म्हणजे गाडी मॅपवाली. व्हिडिओतला नियम तिला लावू नका.

मॅपची परीक्षा फुकट आणि मिनिटाभरात होते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मॅपचा आकडा वाचा. इंजिन फिरत नसताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, त्यामुळे सेन्सरने त्या गावचा हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. हडपसरला चावी ऑन करून ८८ दिसले तर मॅप खोटं बोलतोय. तो हवा कमी सांगेल, ईसीएम पेट्रोल कमी सोडेल आणि पी०१७१ येईल. ९४-९६ दिसले तर मॅप सुटला. मग इंजिन पूर्ण गरम असताना, एसी बंद, न्यूट्रलमध्ये बघा. धडधाकट इंजिनात ३० ते ४०च्या मध्ये कुठेतरी आकडा स्थिर राहतो. तो पन्नाशीकडे गेला किंवा सुईसारखा थरथरू लागला तर लीक, व्हॉल्व्ह, टायमिंग या बाजूला बघायचं.

मॅप बरोबर निघाला असं धरतो, कारण मॅपची चूक असती तर ती आयडललाही दिसली असती. तुमच्याकडे तूट फक्त लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण आल्यावर, वाढतेय. थोडं पेट्रोल लागतं तेव्हा मिळतं, जास्त लागतं तेव्हा कमी पडतं. हे लक्षण पुरवठ्याचं आहे: टाकीतला पंप दमलाय, त्याचा फिल्टर चोंदलाय किंवा पंपाला पुरेसा करंट मिळत नाही. इंजेक्टर चोंदले असते तर तेवढीच टक्केवारी जवळजवळ सगळीकडे दिसली असती, आयडललाही.

खात्री करायला तुमच्या दारातच दिवेघाट आहे. सोबत कोणालातरी घ्या, मोबाइल त्याच्या हातात द्या. गाडी चालवताना स्वतः स्क्रीन बघायची नाही. ॲपमध्ये फक्त चार गोष्टी ठेवा: आरपीएम, थ्रॉटल, मॅप आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज. पहाटे, रस्ता मोकळा असताना, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि आठ-दहा सेकंद दाबून ठेवा. पूर्ण थ्रॉटलला ईसीएम सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि मुद्दाम जाड मिश्रण देतो, कारण तेव्हा ताकद हवी असते. पुरवठा ठीक असेल तर व्होल्टेज ०.८च्या वर जाऊन तिथेच राहतो. पंप कमी पडत असेल तर सुरुवातीला ०.८ दिसतो आणि चार-पाच सेकंदांत घसरत ०.५, ०.३, ०.१ असा खाली येतो. त्याच वेळी मॅप ९०च्या वर असेल, म्हणजे हवा भरपूर आहे, फक्त पेट्रोल नाही. हे दोन आकडे शेजारी दिसले की वाद संपतो. एवढ्या परीक्षेनंतर पुन्हा पुन्हा पूर्ण थ्रॉटल देत बसू नका, पातळ मिश्रणावर ताकद मागितली की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पिस्टन दोन्ही तापतात.

येताना उतारावर गिअरमध्येच पाय पूर्ण उचला. चाकं इंजिनाला फिरवत असताना ईसीएम पेट्रोल बंद करतो, बाहेर निव्वळ हवा जाते आणि व्होल्टेज ०.१च्या खाली, जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. चढावर निदान क्षणभर ०.८ आणि उतारावर शून्य, असं चटकन दाखवणारा सेन्सर जिवंत आहे. हा व्हिडिओ गॅरेजवाल्याला दाखवा.

त्यानंतरचं काम घरी करायचं नाही. पेट्रोल लाइनमध्ये गेज जोडून प्रेशर बघायला सांगा. अशा गाड्यांत ते साधारण ३ ते ४ बारमध्ये असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गॅरेजात उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर दिसलं की ‘पंप ओके’ म्हणून सांगतात, तिथे थांबू नका. तुमचा दोष लोडवर येतो, तेव्हा प्रेशरही लोडवर मोजायला हवं. गेज लांब होजवर घेऊन, बाहेरून काचेपुढे बांधून, गाडी चढावर घेणारा मिस्त्री शोधा. थोडा सायास आहे, पण पंप असेम्ब्लीची किंमत बघता परवडतो. प्रेशर पडलं तरी लगेच पंप मागवू नका. आधी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचा. बॅटरीवर १३.८ आणि पंपाशी ११.५ असेल तर दोष वायरिंगचा, रिलेचा किंवा अर्थिंगचा आहे. गंजलेला अर्थिंगचा पॉइंट घासून साफ केल्यावर पंप पुन्हा तरुण झाल्याची उदाहरणं आमच्याकडे पुष्कळ आहेत, पावसाळ्यानंतर तर विशेष. व्होल्टेज बरोबर आणि प्रेशर कमी, तर मग टाकीतलं मॉड्युल बाहेर काढायचं. कित्येक गाड्यांत फिल्टर तिथेच असतो आणि ‘लाइफटाइम’ म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. जुन्या टाकीत साचलेला मळ इथेनॉलने सुटतो आणि जाळीवर येऊन बसतो. गाडी कायम रिझर्व्हवर चालवायची सवय असेल तर तीही सोडा, पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो.

आता ॲव्हरेज. इथे एक मोठा गैरसमज आहे. ट्रिम +२१ म्हणजे गाडी एकवीस टक्के जास्त पेट्रोल पितेय, असा अर्थ लावला जातो. तसं नाही. प्रेशर कमी असल्याने इंजेक्टर नेहमीएवढा वेळ उघडला तर पेट्रोल कमी येतं. ईसीएम त्याला जास्त वेळ उघडा ठेवून तेवढंच पेट्रोल मिळवतो. वाढते ती वेळ, पेट्रोल नव्हे. दमलेल्या पंपाने ॲव्हरेज पडतं ते आडवाटेने: गाडी उठत नाही म्हणून तुम्ही खालच्या गिअरमध्ये, जास्त रेस देऊन चालवता. त्याने फरक पडतो, पण सतराचे साडेबारा होत नाहीत.

इ२०चा वाटा काढून टाकू. नीती आयोगाने २०२१मध्ये मांडलेल्या इथेनॉलच्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि इ१०वर जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज इ२०वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. तो पूर्ण धरला तरी सतराचे सोळाच्या जरा खाली येतात. तीन किलोमीटरचा हिशोब अजून लागायचाय.

तो तुमच्या कूलंटच्या आकड्यात आहे. गरम इंजिनचं कूलंट ८५ ते १००च्या मध्ये असतं. तुमचं आयडलला ७१ आणि हायवेला ६६. वेग वाढल्यावर पाच अंश उतरलं, हे फार बोलकं आहे. धडधाकट गाडीत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट गरजेपुरतीच उघडतो, त्यामुळे वारा कितीही लागला तरी तापमान टिकून राहतं. वाऱ्याबरोबर तापमान खाली येतं तेव्हा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो, किंवा जागेवरच नसतो. मागच्या उन्हाळ्यात गाडी गरम होत होती आणि ‘काहीतरी काम केलं’, असं तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज असा की त्या कामात थर्मोस्टॅट काढून फेकला. आपल्याकडे हा जुना रिवाज आहे. गाडी तापते? थर्मोस्टॅट काढ. ‘आपल्या हवेला लागत नाही’ हे वर ऐकवतात. खरा दोष फॅनचा, रेडिएटरचा किंवा हेड गॅस्केटचा असतो. तो तसाच राहतो, फक्त काटा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

कूलंटचा सेन्सरच खोटं बोलत नाही ना, हेही बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी, चावी ऑन करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही वाचा. दोन्ही एकमेकांच्या तीन-चार अंशांत असायला हवेत. असतील तर सेन्सर बरोबर. मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा, फॅनपासून लांब. थर्मोस्टॅट जागेवर आणि ठीक असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि ८०च्या पुढे गेल्यावर एकदम तापतो. तुमच्याकडे तो पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत जाईल, असं मला वाटतं.

थंड इंजिन पेट्रोल का खातं? ईसीएमच्या लेखी इंजिन अजून गरम व्हायचंय. तो आयडल चढा ठेवतो आणि प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबला की जास्तीचं पेट्रोल घालतो. सुरुवातीला सेन्सरचं न ऐकता जाड मिश्रणावर चालण्याचा काळ लांबतो. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. उतारावर पेट्रोल बंद करण्याची सोयही काही गाड्यांत तापमान पुरेसं होईपर्यंत चालू होत नाही. तुमच्या गाडीत तसं असेल तर दिवेघाटाच्या उतारावर व्होल्टेज शून्यावर येणार नाही. तेव्हा ती परीक्षा थर्मोस्टॅट बसवल्यानंतर पुन्हा करा, त्याआधी सेन्सरवर ठपका ठेवू नका. तुमचं रोजचं जाणं-येणं जवळचं असेल तर गाडी जवळजवळ आयुष्यभर ‘वॉर्मअप’मध्येच फिरतेय. आणि यासाठी दिवा लागेलच असं नाही. थर्मोस्टॅटचा पी०१२८ हा कोड असतो, पण या वयाच्या सगळ्या गाड्या तो देत नाहीत. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत जातं हा आणखी एक तोटा. डिपस्टिक ओढून वास घ्या, आणि थर्मोस्टॅट बसवल्यावर ऑइल बदला.

नवा थर्मोस्टॅट बसवताना मूळ तापण्याचं कारण शोधायला विसरू नका. स्कॅनरवर बघा, ९५ ते १००च्या आसपास फॅन चालू होतो का आणि एसी लावल्यावर फिरतो का. नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

या दोन्हींनंतरही ॲव्हरेज पंधराच्या वर गेलं नाही, तर इंजिन सोडून चाकांकडे जायचं. सपाट रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, साठच्या स्थिर वेगाला कॅल्क्युलेटेड लोड, म्हणजे इंजिनावरचा भार, किती टक्के दिसतो ते आजच लिहून ठेवा. ट्रिम जागेवर, कूलंट जागेवर आणि तरी हा लोड चढलेला असेल, तर इंजिन बरोबर आहे आणि त्याला काहीतरी मागे ओढतंय. ब्रेक जाम, टायरमध्ये हवा कमी, अलाइनमेंट बिघडलेली. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक भाजत असेल तर कॅलिपर अडकलाय. टायर मोठे टाकले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो आणि ॲव्हरेज कागदावरच पडतं. जीपीएसशी वेग ताडून बघा.

ॲव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, पहिल्या ऑटो कटला थांबून. ॲपमध्ये दिसणाऱ्या ॲव्हरेजवर तुमच्या गाडीत विसंबू नका. मॅफ नसलेल्या गाडीत ॲप हवेचा अंदाज मॅप, आरपीएम आणि स्वतःच धरलेल्या एका गुणांकावरून बांधतं. तो गुणांक तुमच्या इंजिनाशी जुळवलेला नसतो.

डोंगलबद्दल दोन शब्द. स्वस्तातली बहुतेक डोंगलं ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात. साध्या कामाला चालतात, पण संथ असतात. स्क्रीनवर पंधरा गोष्टी लावल्या तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी बदलतो, आणि तेवढ्यात ऑक्सिजन सेन्सर कितीदा वरखाली होऊन गेलेला असतो. म्हणून वर चारच ठेवायला सांगितलं. या डोंगलवरून ‘सेन्सर सुस्त आहे’ असा निकाल देऊ नका, सुस्त बहुधा डोंगलच असतं. गाडी उभी असताना पोर्टमधून काढून ठेवा, त्याला बॅटरीचा करंट कायम मिळत असतो. आणि गॅरेजात जाण्याआधी कोड खोडू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, कूलंट, वेग आणि ट्रिम. तिचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच गॅरेजांत गाडी आली की आधी बॅटरीची तार काढतात किंवा ‘इरेज’ दाबतात. पुरावा जातो, बहुतेक गाड्यांत शिकलेली लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते आणि गाडी चार दिवस बरी वाटते. त्या चार दिवसांत बिल दिलेलं असतं.

गाडीत बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर वरचं सगळं आधी फक्त पेट्रोलवर करा. नंतर गॅसवर घेऊन ट्रिम पुन्हा लिहा. गॅसवर ट्रिम +२० किंवा -१५ आणि पेट्रोलवर ठीक, तर दोष किटच्या जुळवणीत आहे. उलटही होतं. गॅसवर शिकलेली चुकीची ट्रिम ईसीएम पेट्रोलवरही लावतो आणि पेट्रोलवर टाकताच गाडी झटके देते. मग ‘पेट्रोल खराब’ म्हणून पंपवाल्याशी भांडण होतं.

डिझेलवाल्यांनी हे उत्तर आपल्या गाडीला लावू नये. तिथे या अर्थाची ट्रिम नसते. तिथे मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारी ठेवून बघतात, प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन बघतात, टर्बोचा दाब बघतात. बीएस-६ गाडी शहरात तुकड्या-तुकड्यांनी चालत असेल तर डीपीएफ या सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी आणि ती जाळून टाकण्याचं काम, म्हणजे रीजनरेशन, किती वारंवार होतंय, हे सगळ्यात आधी. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी चावी ऑन करून मॅप आणि सकाळचं कूलंट, हे घरच्या घरी. मग थर्मोस्टॅट आहे की नाही ते उघडून बघायला सांगा, काम छोटं आहे आणि त्याने आकडे स्वच्छ होतील. कूलंट ९० अंशांच्या आसपास टिकायला लागलं की ट्रिम पुन्हा लिहा आणि मगच दिवेघाट. तिथे सेन्सरचा व्होल्टेज पडला तर पेट्रोलचं प्रेशर आणि पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज मोजून घ्या. प्रेशरचा आकडा कळवाल तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा. पाव टाकीच्या खाली आणि चढावर कमकुवत पंपाचा आकडा फुल टाकीपेक्षा वेगळा येऊ शकतो.